एकदा विचारून कोण व्हय म्हणतंय?

आमच्या सासरी माझी एक गोष्ट अकरा वर्षं सांगितली जातेय. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की ती निघतेच. मला घरात येऊन महिना झाला होता आणि औंढ्याचे चुलत सासरे आले. मी विचारलं, "चहा टाकू का?" ते म्हणाले, "न्हाई, कशाला, आत्ताच झाला." मी "बरं" म्हटलं आणि गॅसवरचं पातेलं उतरवून ठेवलं. माणूस दोन तास बसला, पिकापाण्याच्या गप्पा मारल्या, तीनदा स्वयंपाकघराकडं मान वळवली आणि कोरड्या घशानं औंढ्याच्या गाडीत बसून निघून गेला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, एकदाच विचारणारी.

आता यात माझं काय चुकलं, सांगा बरं! पाहुण्यानं पहिल्यांदा न्हाई म्हणायचं, दुसऱ्यांदा "राहू द्या की" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणून भरलेला कप प्यायचा, ही रीत मलाही माहीत आहे. मी काही आभाळातून पडले नाही, माझं माहेर सेनगावचं. पण माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. नको म्हणालात ना? मग नको. शहाण्याला शब्दाचा मार, असं मी म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, "शब्दाचा मार ठीक हाय गं, पण चहावाचून तर मारू नकोस."

हे आधी सांगायचं कारण असं, की याच स्वभावापायी एका भल्या माणसाच्या अंगावरचा पांढरा कोट उतरता उतरता राहिला.

कुरुंद्याजवळ हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. गोदामाला लागून दोन खोल्यांची लॅब आहे आणि त्या लॅबची मी केमिस्ट. काम एकच, आणलेल्या हळदीत कस किती ते सांगायचं. हळदीची पूड अल्कोहोलात भिजवायची, पिवळाजर्द अर्क निघतो, त्यातला अगदी थोडासा मोजून काचेच्या नळीत घ्यायचा, त्यावर कोरं अल्कोहोल ओतून पातळ करायचा आणि रंग किती गडद ते मीटरवर बघायचं. सगळा खेळ त्या "थोडासा मोजून"वर. तिथं थेंबभर इकडं-तिकडं झालं की आकडा खोटा.

तो थेंब मोजायचं काम मामांचं. मामा म्हणजे माझे कुणी नात्यातले नव्हेत, साऱ्या गावाचे मामा. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवून रिटायर झालेले आणि मग आमच्याकडं आलेले. सकाळी "जय भीम ताई" म्हणत दार उघडायचे, घरून इस्त्री करून आणलेला पांढरा कोट खुंटीवरून काढायच्या थाटात पिशवीतून काढायचे आणि गळ्यापर्यंत बटणं लावायचे. त्यांच्या नातीनं शाळेत सांगून ठेवलं होतं की माझे आजोबा शास्त्रज्ञ आहेत. मामांनी तिला सुधारलं नाही. मला एकदा म्हणाले, "लेकरू खुश हाय ताई, काहून मन मोडायचं?"

पण गेल्या हंगामात आमचे आकडे फारच नाचायला लागले. एका शेतकऱ्यानं आमची परीक्षाच घेतली. एकाच पोत्यातली हळद एकदा स्वतःच्या नावानं दिली आणि एकदा बायकोच्या नावानं. बायकोची हळद सरस निघाली. तो कागद फडफडवत आला. "मॅडम, ह्यो काय प्रकार हाय? घरी माझं काही चालून न्हाई राहिलं. ती म्हणती, बघा, मी हात लावला म्हणून कस आला!" मी हसले, पण नुसतं वरवर. कारण मला दिसत होतं. मामांचा उजवा हात थरथरत होता.

मी त्यांना विचारलं. माझ्या पद्धतीनं विचारलं, म्हणजे तोंडावर. "मामा, हात हलतो का तुमचा?"

"न्हाई ताई."

"बरं," मी म्हटलं आणि विषय संपवला. बघा, चहाचं पातेलं पुन्हा उतरवलं.

विषय संपत असतो होय! चेअरमनच्या कानावर गेलंच. चेअरमन म्हणजे वाईट माणूस नव्हे, पण घाईचा. म्हणाले, "ताई, लोकं नाव ठेवून राहिले. मामाला गेटवर बसवू, चांगली खुर्ची देऊ, पंखा देऊ. इथं दुसरा बघा. गुरुवारच्या मीटिंगमध्ये बराबर करून टाकू." त्या वेळी मामा पलीकडच्या खोलीत नळ्या धूत होते. नळ्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. गेटवर कोट लागत नाही.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "साहेब, माणूस कशाला बदलायचा? गोदामात ते मशीन पडलंय ना, ते चालू करते. थेंब ते मोजेल, मशीन मामा चालवतील."

ते मशीन म्हणजे एका बंद पडलेल्या औषध कारखान्यातली कपाटं घेतली तेव्हा त्यांच्यासोबत आलेला एक अवजड नग. वर्षभर बारदानाखाली झोपलेला. त्याला एक धातूचा हात होता, हाताला सुई. तो हात चाळीस नळ्यांवरून फिरून प्रत्येकीत नेमकं मोजून ओततो, असं सोबतच्या फाटक्या पुस्तकात लिहिलं होतं. फक्त त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर आला नव्हता.

चेअरमन म्हणाले, "तुमी केमिस्ट्रीच्या का कॉम्प्युटरच्या?"

"बाईला सगळंच करावं लागतं," मी ताडकन म्हटलं. खरं तर कॉम्प्युटर मला यथातथाच. व्हिडिओ बघून आणि चुका करून थोडं प्रोग्रॅम लिहायला शिकले होते, तेवढंच. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि गुरुवारला सहा दिवस होते.

मशीनच्या पाठीला नऊ पिनांचं एक जुनाट तोंड होतं, सिरीयल पोर्ट म्हणतात त्याला. त्यातून एकेक अक्षर रांगेनं जातं, एस.टी.त आपण कधीच चढत नाही तसं. एका तारेनं आपण बोलायचं, दुसरीनं मशीन उत्तर देणार. माझ्या लॅपटॉपला असलं तोंडच नाही, म्हणून मधली केबल आणायला हिंगोली गाठली. दुकानदारानं तळातल्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून ती काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, "मॅडम, इसकू अब कौन पूछता?" मी म्हटलं, "मैं पूछती. एक बार." त्यानं घाबरून लगेच बिल फाडलं.

शनिवारी जोडलं. चालू केल्याबरोबर मशीननं काहीतरी सांगितलं, पण स्क्रीनवर नुसती चौकटी-प्रश्नचिन्हांची वेलबुट्टी. मग पुस्तकात कळलं की दोघांनी बोलायचा वेग आधी ठरवून घ्यावा लागतो, तो जुळला नाही की एकाचं दुसऱ्याला कळत नाही. आमच्या घरी सासूबाई आणि मी, तसंच. वेग जुळवला, मशीन बंद करून परत लावलं आणि स्क्रीनवर स्वच्छ अक्षरं आली, "रेडी". मामांनी टाळी वाजवली.

ती टाळी शेवटची ठरली. कारण त्यानंतर मी हुकूम धाडला, "हात जागेवर आण," आणि मशीन ढिम्म. उत्तर नाही की हालचाल नाही. बंद केलं, लावलं. "रेडी". हुकूम दिला. ढिम्म! सोमवार गेला, मंगळवारची दुपार झाली. केबल काढली, पुसली, लावली. हुकूम बदलून पाहिला. दरवेळी "रेडी" म्हणून घसा फोडायचं आणि काम सांगितलं की तोंडात गुळणी धरायची. अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मुडद्या, तयार नव्हतास तर रेडी कशाला बोललास!" मी त्याच्या पत्र्यावर चापट मारली. माझ्याच हाताला झिणझिण्या आल्या.

मामा स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. त्यांचा हात कोटाच्या खिशात होता. हल्ली तो खिशातच असायचा. ते म्हणाले, "ताई, एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

"तुमी त्याला एकदाच इचारून राहिल्या. त्यानं न्हाई म्हणलं की लगेच बंद करून राहिल्या. एकदा विचारून कोण व्हय म्हणतंय?"

मला असा राग आला! सासरची अकरा वर्षं एकदम समोर उभी राहिली. मी म्हटलं, "मामा, हे मशीन आहे. हा काही औंढ्याचा पाहुणा नाही."

"असंल. पण पुन्यांदा इचारायला काय तकलीफ हाय?"

त्यांना खोटं पाडावं म्हणूनच मी बंद न करता तोच हुकूम दुसऱ्यांदा धाडला. आणि माय गं! आत कुठंतरी खर्रकन आवाज झाला, तो धातूचा हात उचलला गेला, डौलात सरकत कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि स्क्रीनवर उत्तर उमटलं, "ओके". मामा स्टुलावरून उठून उभे राहिले. मी आ वासून बघत बसले.

मग मी पुस्तकाची एकमेकांना चिकटलेली पानं सोडवली तेव्हा खुलासा झाला. मशीन थोडा वेळ रिकामं राहिलं की डुलकी घेतं. पहिला हुकूम गेला की तो त्याला जागं करण्यातच खर्ची पडतो, त्याला ऐकू येतो तो दुसरा. मी दरवेळी त्याला जागं करत होते आणि जागं झालं की बटण दाबून परत झोपवत होते. चार दिवस! मामांना मी पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे माझंच खरं." त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला जळफळायलाही जमेना.

पण आमचं कसं, नाही ते नाहीच आणि केलं तर डोक्यावरून पाणी. बुधवारी मी प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलं की प्रत्येक हुकूम तीन-तीनदा द्यायचा. पंगतीचा रिवाजच घातला म्हणा ना. मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पहिल्या हुकमानं मशीन जागं झालं, तिथवर ठीक. पण जागं झाल्यावर ते मन लावून काम करणारं निघालं. पुढच्या प्रत्येक नळीत त्यानं एकदा ओतलं, दुसऱ्यांदा ओतलं, नळी काठोकाठ भरली, तिसऱ्यांदा ओतलं. पिवळा अर्क टेबलावर, टेबलावरून फरशीवर. मामा फडकं घेऊन धावले. तो हात काही कुणासाठी थांबत नव्हता. वळता वळता त्यानं सुईतलं राहिलेलं मामांच्या छातीवर सोडलं. मी किंचाळत वायर उपटली तेव्हा मामा नवरदेवासारखे हळद लागून उभे होते आणि खोलीभर अल्कोहोलाचा भपकारा सुटला होता. एका शेतकऱ्यानं खिडकीतून डोकावून नाक फेंदारलं. "काय चाललंय?"

"तपासणी," मामा म्हणाले.

"मलाबी घ्या की तपासणीला," तो म्हणाला आणि हसत गेला.

कोटावरचा डाग हळदीचा, तो काय निघतो? मला रडूच आलं. उद्या मीटिंग, आणि मी होता नव्हता तो कोटही घालवला. मामा फरशी पुसता पुसता म्हणाले, "रडू नका ताई. तुमचा आग्रह चुकला. पाहुण्याच्या तोंडात घास असला तर वाढत नसतात. गिळू द्यायचं. त्यानं मान वर केली की मग इचारायचं."

तुम्हाला सांगते, चाळीस पानी पुस्तकात जे मला उमगलं नव्हतं ते या एका वाक्यात उमगलं. मी सगळं पुसून नव्यानं लिहिलं. आधी नुसतं विचारायचं, "आहेस का?" उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं, कितीदाही. "ओके" आलं की काम सांगायचं, ते मात्र एकदाच. आणि मग "झालं" असं त्याचं उत्तर येत नाही तोवर आपल्याकडून एक अक्षरही तारेत जाऊ द्यायचं नाही, मधे कुणी काही बडबडलं तर ते सरळ फेकून द्यायचं. संध्याकाळी पाच नळ्या भरून पाहिल्या. पाचही सारख्या.

गुरुवारी चेअरमन आले, संचालक आले आणि आपल्या हळदीचा आणि बायकोच्या हळदीचा निकाल लावायला तो शेतकरीही पोतं घेऊन आला. मामांनी डागाळलेला कोट धुऊन, इस्त्री करून, सगळी बटणं लावून घातला होता. एकाच पोत्यातून दहा नमुने घ्यायचे आणि दहाही सारखे आले पाहिजेत, असं ठरलं. मी लॅपटॉपसमोर बसायला गेले तर चेअरमन म्हणाले, "तुमी न्हाई. मशीन मामा चालवणार म्हणालात ना? चालवू द्या."

याचा विचारच मी केला नव्हता! मामा बसले. त्यांनी खिशातून हात काढला. सगळ्यांच्या नजरा त्या हातावर. बोट बटणावर गेलं आणि मला आवाज आला, टक-टक-टक-टक. एकदा दाबायचं बटण चार वेळा दाबलं गेलं होतं. मी डोळे मिटून घेतले. आता चार वेळा ओतणार, आता सगळं पिवळं होणार, आता मामा गेटवर.

खर्र. हात सरकला. एकदाच टपकन आवाज आला. पुन्हा सरकला. मी एक डोळा उघडला. मशीन एकेका नळीत एकदाच ओतत शांतपणे पुढं चाललं होतं. मग डोक्यात उजेड पडला. पहिली टक पोचली आणि मशीनच्या तोंडात घास होता. बाकीच्या तीन टका माझ्या प्रोग्रॅमनं फेकून दिल्या होत्या. मामांच्या थरथरीला त्यात जागाच नव्हती. आणि तो नियम सांगितला कुणी, तर मामांनीच.

दहा नळ्या मीटरवर लावल्या. दहाही आकडे सारखे. शेतकऱ्यानं ते दोनदा वाचले आणि खुशीत म्हणाला, "म्हणजे तिच्या हाताला काही विशेष गुण न्हाई. हे मला लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी." चेअरमन मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गेटसाठी दुसरा बघावा लागंल आता." आणि सगळे चहाला गेले. मामा तिथंच बसून राहिले. हात खिशात घालायचं विसरले होते.

दुपारी मी डबा उघडला. त्याआधी दोन वर्षं रोज मी डबा उघडायची, रोज म्हणायची, "मामा, भाजी घेता का?" आणि रोज ते म्हणायचे, "न्हाई ताई, जेवून आलो." आणि रोज मी "बरं" म्हणून एकटी जेवायची. त्या दिवशीही विचारलं.

"न्हाई ताई, जेवून आलो."

"बरं" अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. "मामा, सकाळी आठला येता तुम्ही. कधी जेवलात? घ्या थोडी."

"राहू द्या की."

"मामा, घ्या."

तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. टेबलाकडं बघत म्हणाले, "तसं न्हाई ताई. सांडतं. घास तोंडापर्यंत जाईस्तोर अर्धा खाली. लोकांपुढं नको वाटतं."

मला इतकी लाज वाटली की कुठं तोंड लपवू असं झालं. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर उपाशी बसला होता आणि मी दोन वर्षं त्याच्या पहिल्या न्हाईवर पातेलं उतरवत होते. मी डब्याचं झाकण पालथं करून त्यात पिठलं वाढलं, भाकरी मोडून दिली आणि म्हटलं, "सांडू द्या. कोट तसाही पिवळाच आहे."

मामा हसले. घास उचलला, थोडं कोटावर गेलं, थोडं टेबलावर, बाकीचं तोंडात. दुसरा घास घेतला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी चमचा भरून पुन्हा वाढायला गेले. मामांनी भरल्या तोंडानं तो थरथरता हात वर केला.

"गिळू द्या की, ताई."

मी चमचा तसाच धरून थांबले.